आजोबांची ठासणीची बंदूक

गावातल्या एका वाड्याच्या वाटण्या झाल्या, तेव्हा ही बंदूक कुणालाच नको होती. नळी गंजलेली, दस्ता चिरलेला. आजोबांनी ती म्हशीच्या निम्म्या किमतीत, रीतसर नोंद करून घेतली. आजी म्हणाली, "म्हशीनं दूध तरी दिलं असतं."

पण भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत कुणगा लोळवायची. इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. पुढं 1959 चा कायदा आला. त्यातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय राहिली. आजोबांचा परवाना त्यातलाच.

बंदूक पुसायचं काम माझ्याकडं. आधी गज नळीत घालून बाहेरून मापायचा. कमी गेला तर आत बार आहे असं समजायचं. बार काढला की त्याच रात्री नळीत उकळतं पाणी ओतायचं. काळ्या दारूची काजळी ओल धरते नि लोखंड खाते. मग गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची, वर खोबरेलाचा हात.

आजोबा गेले. परवाना माणसाचा, घराचा नव्हे. बंदूक सरकारात जमा झाली. वडिलांच्या नावानं परवाना होईतो चार पावसाळे गेले. परत आली तेव्हा गज अर्ध्यातच अडकला. तिथं तिला तेल लावणं कुणाचंच काम नव्हतं. वडिलांनी नळीत तेल भरून रात्रभर उभी ठेवली. गंज सुटला, पण आत खड्डे पडलेले. त्यांनी तिच्यात पुन्हा दारू भरली नाही.