नगरचीं चित्रें आणि पुसलेली राणी

मोठ्या शहरांत एखादें चित्रप्रदर्शन भरलें, कीं आपल्या घरांतून तेथें जाण्याचा बेत ठरतो. रविवारची दुपार मोकळी ठेवली जाते, मुलांना बरोबर घेतलें जातें, आणि मंडळी एका दालनांतून दुसऱ्या दालनांत फिरत चित्रांखालच्या चिठ्ठ्या वाचीत जातात. तासाभरानें सर्वजण बाहेर पडतात, आणि "छान होतें" एवढ्या दोन शब्दांवर विषय संपतो. कोणतें प्रदर्शन पाहावें, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. तें कसें पाहावें, हें सांगणारे थोडे. आज मला बोलावयाचें आहे तें ह्या दुसऱ्या गोष्टीविषयीं, आणि त्यासाठीं उदाहरण घ्यावयाचें आहे तें नगरच्या जुन्या दरबारी चित्रांचें.

२०२४ सालीं ह्या शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें. परंतु मी ज्या काळाविषयीं बोलणार आहें, त्या काळीं तें अहमदनगर होतें. म्हणून ह्या भाषणापुरतें तेंच नांव मी वापरतों.

"नगरचीं चित्रें" हे शब्द ऐकून आपणांपैकीं कांहींजण चकित झाले असतील. नगरला भुईकोट किल्ला आहे, डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे, हें सर्वांस ठाऊक असतें; पण चित्रें कोठें आहेत? शंका रास्त आहे. नगरच्या दरबारांत निर्माण झालेलीं नांवाजलेलीं चित्रें आज नगरांत नाहींत. तीं पुण्यांत आहेत, पॅरिसमध्यें आहेत, लंडन व बोस्टन येथें आहेत. म्हणून नगरच्या माणसाला आपल्याच गांवचीं चित्रें पाहण्यासाठीं परगांवच्या प्रदर्शनाचें दार ठोठवावें लागतें.

ह्या चित्रांमागचा इतिहास प्रथम थोडक्यांत पाहूं. १४९० सालीं मलिक अहमदानें भिंगारनजीक बहामनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र निजामशाही स्थापली. १४९४ मध्यें त्यानें विजयाच्या जागेजवळ आपल्या नांवाचें शहर वसविलें. हें घराणें आपणांस वाटतें तितकें परकें नव्हे. त्याचा मूळपुरुष पाथरीच्या एका ब्राह्मण कुळांतला होता, असें इतिहासकार फेरिश्ता सांगतो. नगरच्या शाह शरीफ पिराला मालोजी भोसल्यांनीं नवस केला आणि त्या पिराच्या नांवावरून मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेवलीं, ही कथा तर महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे.

ह्या घराण्यांतला हुसेन निजामशहा १५५३ सालीं गादीवर आला. नगरचा मातीचा किल्ला दगडी झाला तो त्याच्या कारकीर्दींत. १५६५ च्या जानेवारींत दक्षिणेंतील सुलतानांनीं एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईंत विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला, त्यांत हुसेन अग्रभागीं होता. परंतु विजयाचा आनंद त्याला फार दिवस लाभला नाहीं. त्याच वर्षीं तो मरण पावला. त्याचा मुलगा मूर्तजा गादीवर बसला, आणि त्याच्या नांवानें राज्याचा कारभार पाहूं लागली ती त्याची आई, खुंजा हुमायून. चांदबिबी ही हिचीच मुलगी.

ह्याच सुमारास आफताबी नांवाच्या एका कवीनें फारसी भाषेंत हुसेन निजामशहाच्या गुणगानाचें काव्य रचलें. 'तारीफ-ई-हुसेनशाही' हें त्याचें नांव. त्याची सचित्र प्रत १५६५ ते १५६९ ह्या अवधींत, म्हणजे राणीच्या अमदानींतच तयार झाली असावी, असें अभ्यासक मानतात. दक्खनी चित्रकलेच्या अगदीं आरंभीच्या पुराव्यांत तिची गणना होते. ही प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. राजवाड्यांनीं १९१० सालीं स्थापिलेलें तेंच हें मंडळ. ग. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे ह्या विद्वानांनीं १९८७ मध्यें ती संपादून प्रसिद्ध केली.

ह्या पोथींत मुळांत चौदा चित्रें होतीं. त्यांतलीं बारा उरलीं आहेत. रंग तेजस्वी, रेषा धीट. काव्य फारसी, परंतु स्त्रियांच्या वेण्या लांब, अंगांत चोळी, आणि उभें राहण्याची ढब पाहतांच आपणांस ओळख पटावी अशी. एका चित्रांत तर स्त्रीच्या स्पर्शानें झाड फुलतें, हा आपल्याकडचा दोहदाचा जुना संकेत आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त मालविकेच्या लत्ताप्रहारानें अशोक बहरतो, त्याच संकेताचें हें दर्शन. सुलतानाच्या स्तुतीसाठीं काढलेल्या फारसी पोथींत तो सहज येऊन बसला, ह्यावरून त्या दरबारांत इराणी पोथ्यांचा व ह्या मातीचा संस्कार कसा एकत्र नांदत होता, हें ध्यानांत येतें. दुसऱ्या बाजूला लढाईचीं चित्रें आहेत, आणि त्यांत रामरायाचा शिरच्छेदही आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. सुलतान सिंहासनावर बसला आहे आणि त्याच्या निकट राणी बसली आहे, अशीं चित्रें ह्या पोथींत काढलेलीं होतीं. मुसलमानी दरबाराच्या चित्रांत राणीला राजाशेजारीं असें उघडपणें बसविणें, ही विरळा गोष्ट. काव्यांतही तिच्या सौंदर्याची स्तुति आहे. परंतु आज तीं पानें उघडलीं, तर सुलतान जागेवर आहे, दासी जागेवर आहेत, आणि राणीच्या जागीं डाग आहे. तिची आकृति कोणीतरी पुसून काढली आहे.

हें कां घडलें असावें? राणीनें आपल्या भावांच्या हातीं सत्ता दिली, म्हणून सरदार नाराज झाले. मूर्तजा वयांत आला, त्यानें सरदारांच्या साह्यानें आईला कैद केलें, आणि तिची सत्ता संपली. तिच्या पाडावानंतर तिचें चित्रही नाहींसें करण्यांत आलें, असा अभ्यासकांचा तर्क आहे. माणूस सत्तेवरून उतरला, कीं त्याची तसबीर भिंतीवरून उतरते, हें आपण पुढच्या काळांतही पाहिलें आहे. नगरच्या पोथींत तें साडेचारशें वर्षांपूर्वीं घडलें.

पण मौज अशी, कीं पुसणाऱ्याचा हेतु सफळ झाला नाहीं. राणीची आकृति शाबूत असती, तर एक सुंदर दरबारी चित्र म्हणून आपण तें पाहिलें असतें आणि पान उलटलें असतें. आज डोळा प्रथम जातो तो त्या डागाकडे. आणि ही कोण होती, तिला कां पुसलें, हा प्रश्न उभा राहिल्यावांचून राहत नाहीं. शिवाय पुसणाऱ्यानें चित्रें पुसलीं. काव्यांतली स्तुति शिल्लक राहिली.

तिच्या मुलीच्या वांट्याला ह्याच्या अगदीं उलट नशीब आलें. चांदबिबीनें १५९५-९६ मध्यें मोगल शाहजादा मुराद ह्याच्या वेढ्याविरुद्ध नगरचा किल्ला लढविला. १६०० सालीं ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला मोगलांनीं घेतला. पुढें शंभर वर्षांनंतरही दक्खनचे चितारी तिचें चित्र काढीत होते. घोड्यावर स्वार झालेली, हातावर ससाणा घेतलेली चांदबिबी, हा त्यांचा आवडता विषय, इ. स. १७०० च्या सुमाराचें असें एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत आहे. तिला न पाहिलेल्या लोकांनीं तें काढलें. तेव्हां तो तिचा चेहरा नव्हे, ती लोकांची आठवण आहे. आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतों, ती तीन मजली अष्टकोनी वास्तुही वस्तुतः मूर्तजाचा मंत्री सलाबतखान ह्याची कबर आहे. आईचें नांव तिच्या स्वतःच्या चित्रांतून गेलें. मुलीचें नांव दुसऱ्याच्या कबरीला चिकटलें!

चित्र हें सत्तेच्या इच्छेचें भाषांतर असतें, ह्याचें आणखी एक उदाहरण नगरच्याच इतिहासांत आहे. निजामशाहीच्या उत्तरकाळीं मलिक अंबर ह्या हबशी वजिरानें जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं. १६२६ सालीं तो मरण पावला, तो मोगलांच्या हातीं न सांपडतांच. परंतु डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयांत अबुल हसन ह्या चित्रकाराचें एक चित्र आहे. त्यांत जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून मलिक अंबराच्या तुटलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे. रणांत जें साधलें नाहीं, तें बादशहानें कागदावर साधून घेतलें. हें चित्र कलादृष्ट्या अप्रतिम आहे; इतिहास म्हणून तें घडलेली गोष्ट सांगत नाहीं, न घडलेली इच्छा सांगतें. बोस्टनच्या संग्रहालयांत मलिक अंबराचें दुसरें चित्र आहे. तेथें तो ताठ उभा आहे आणि त्याचें मस्तक त्याच्या खांद्यावरच आहे.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत मूर्तजा निजामशहाचें म्हणून मानलें जाणारें, इ. स. १५७५ च्या सुमाराचें एक देखणें चित्र आहे. पांढऱ्या वस्त्रांतला तो तरुण सुलतान पाहतांना, आईला कैदेंत टाकणारा पुत्र तो हाच, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या चेहऱ्यावर नुसती नजाकत दिसणार नाहीं.

अशीं विखुरलेलीं चित्रें प्रदर्शनाच्या निमित्तानें एका छपराखालीं येतात, हा प्रदर्शनाचा मोठा उपकार होय. २०१५ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत 'नौरस' ह्या नांवानें दक्खनी कलांचें प्रदर्शन भरलें. त्याच वर्षीं एप्रिल ते जुलैपर्यंत न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत दक्षिणेच्या सुलतानांच्या कलेचें मोठें प्रदर्शन झालें, आणि त्यांत विजापूर व गोवळकोंडा ह्यांच्या पंक्तीला नगरलाही स्थान होतें. असें प्रदर्शन जवळपास भरेल, तेव्हां तें चुकवूं नये. एरव्हीं मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत लघुचित्रांचें दालन आहे. तेथें मोगल, राजस्थानी व दक्खनी कलम एकाच फेरींत शेजारीं ठेवून पाहतां येतें.

परंतु प्रदर्शनाला एक उणीव असते. चित्र तेथें येतें, पण त्याचें गांव येत नाहीं. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला तें गांव पाहणें कठीण. आपणांस मात्र पुण्याहून दोन-तीन तासांची वाट. म्हणून माझें सांगणें असें, कीं नगरचीं चित्रें पाहण्यापूर्वीं एकदां नगर पाहावें. १५८३ मध्यें पुरा झालेला फराहबाग पाहावा: तळ्याच्या मधोमध उभी असलेली ती अष्टकोनी इमारत. तळें आटलें, गिलावा झडला, तरी चित्रांतले सुलतान ज्या वाऱ्यासाठीं उंच कमानींत बसत, तो वारा तेथें अजून वाहतो. १५६७ च्या सुमाराची दमडी मशीद पाहावी. तिच्या दगडांतलें बारीक नक्षीकाम ज्या वर्षांत झालें, त्याच वर्षांत आफताबीच्या पोथीचीं पानें रंगत होतीं. त्या वेळीं राज्यकारभार पुसलेल्या राणीच्याच हातीं होता.

आणि विजापूरला गेलांत, तर मुलूख-मैदान तोफेपुढें क्षणभर थांबावें. तिचें तोंड हत्तीला गिळणाऱ्या श्वापदाच्या जबड्यासारखें घडविलेलें आहे. ती विजापूरचें भूषण म्हणून मिरवते. परंतु १५४९ सालीं मुहंमद रूमी ह्या कारागिरानें ती ओतली, ती नगरास. नगरचें धातुशिल्पही असें परगांवींच आहे.

शेवटीं पुन्हा प्रदर्शनाच्या दालनांत येऊं. यापुढें एखाद्या दरबारी चित्रापुढें आपण मुलांना घेऊन उभे राहाल, तेव्हां रंगांचें कौतुक अवश्य करावें. मग त्यांना तीन प्रश्न विचारावे: हें चित्र कोणीं काढवून घेतलें? तें काढवितांना त्याच्या मनांत काय होतें? आणि ह्या चित्रांत कोण नाहीं? पहिल्या दोहोंचीं उत्तरें बहुधा खालच्या चिठ्ठीवर मिळतील. तिसऱ्याचें उत्तर शोधण्यासाठीं मात्र घरीं परतल्यावर पुस्तक उघडावें लागेल, किंवा नगरची गाडी पकडावी लागेल. तेवढें झालें, तर खुंजा हुमायूनचें त्या पानावरचें स्थान थोडेंफार तिला परत मिळालें, असें म्हणतां येईल.