नरक्या: मुळशीच्या रानातले विष, इस्पितळातले औषध

मुळशीचे नाव निघाले की आपल्याला १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. ताम्हिणीच्या रानातले नरक्याचे झाड सहसा कुणाला आठवत नाही. मला ते खालाजानमुळे आठवले. त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकान सुरू झाले आणि दुसऱ्या किमोनंतर जुलाबांनी त्या अंथरुणाला खिळल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगे, "ही इंग्रजी विषे सोडा, झाडपाला घ्या. त्याचा काही त्रास नसतो."

पण हे विष झाडपाल्याचेच आहे.

मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर सापडले. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते.

दुर्दैव असे की त्याच सुमारास अमेरिकेत रुग्णांवरच्या चाचण्या गुंडाळल्या जात होत्या. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून शिरेतून दिला गेला. क्षार करताना रेणूतले एक कडे उघडते आणि औषधाचा जोर जातो. लघवी मात्र आम्लधर्मी असते. मूत्राशयात ते कडे पुन्हा मिटायचे, विष जागे व्हायचे आणि रुग्णाला रक्ताची लघवी व्हायची. अस्थिमज्जा खचायची, जुलाब लागायचे, ते वेगळेच.

१९८५ मध्ये खुलासा झाला. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका एंझाइमला हे द्रव्य जागीच अडकवते. त्यामुळे झपाट्याने विभागणारी पेशी मरते, मग ती गाठीतली असो, आतड्याच्या अस्तरातली असो की केसाच्या मुळातली. औषधाला आपला-परका कळत नाही. जपानी रसायनज्ञांनी रेणूत बदल करून इरिनोटेकान बनवले; जपानने १९९४ मध्ये आणि अमेरिकेने १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली. मूत्राशय सुटले, आतडे सापडले. यकृत औषधाच्या जहाल रूपाला साखरेसारखा एक रेणू जोडून ते पित्तातून आतड्यात सोडते. तिथले जिवाणू ती जोड तोडतात आणि मोकळे झालेले विष अस्तर सोलते. काहींच्या यकृतात ही जोडणी जन्मतःच मंद असते. इतरांना सोसणारा डोस त्यांना झेपत नाही.

खालाजानचा डोस डॉक्टरांनी कमी केला. पहिल्या पातळ जुलाबालाच लोपेरामाइडची गोळी आणि दिवसभर ओआरएस, असे बजावले. उरलेल्या किमो त्यांनी घेतल्या.

इकडे सह्याद्रीत नरक्या मुळासकट उपटला जातो, कारण परदेशात त्याला भाव आहे. मुळशीकडचे एक आप्त मायेपोटी त्याच झाडाची साल पुडीत बांधून घेऊन आले होते, काढा करून पाजायला. दोन झाडांतले विषही सारखे नसते आणि त्या पुडीत ते किती होते हे कुणीच मोजलेले नव्हते. चहा होईपर्यंत मी पुडी हातातच धरून बसलो आणि ते गेल्यावर खालाजानला न दाखवता मागच्या अंगणात पुरून टाकली.