मळवलीची स्नेहयात्रा आणि मराठी रॉकगायक

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकलगाडी कामशेत मागे टाकून मळवलीस थांबते. स्थानक लहानसे. दक्षिणेस लोहगड-विसापूरची जोडी, तिच्या पायथ्याशी भाज्याची लेणी, आणि उत्तरेस कार्ल्याचा डोंगर. भाज्याच्या लेण्यांत सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीचे एक शिल्प आहे. त्यात एक स्त्री ढोलांची जोडी पुढे घेऊन वाजवीत आहे व दुसरी तिच्या तालावर नाचत आहे. तबल्याचे कूळ या शिल्पाशी जोडणाऱ्या पंडितांशी वाद घालण्याचे आम्हांस कारण नाही. इंद्रायणीच्या या खोऱ्यास तालाचा नाद नवा नव्हे, एवढेच त्यावरून ध्यानी घ्यावे.

याच मळवलीस १९७१ साली ‘स्नेहयात्रा’ या नावाचा रॉकसंगीताचा मेळा भरला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९६९ च्या ऑगस्टात, अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील एका शेतावर वुडस्टॉकचा जगप्रसिद्ध जलसा झाला होता व त्याची वार्ता मुंबईच्या महाविद्यालयांत पोहोचली होती. मळवलीचा मेळा हे त्या वार्तेचे अपत्य होय. मावळच्या भूमीवर गिटार आणि ड्रम घेऊन तरुण जमले, ही गोष्ट त्या काळी पुष्कळांस चेष्टेची वाटली असेल. तुळशीदासाच्या पोवाड्यात ज्यांचे शौर्य गाइले गेले त्या मावळ्यांच्या मुलखात ही केस वाढविलेली पोरे कसली गाणी गाणार, असा तो सूर. परंतु इतिहास पाहणाऱ्याने चेष्टेवर थांबू नये.

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, हा समज आपल्या सुशिक्षित घरांत अद्याप पुरता गेलेला नाही. वस्तुतः अमेरिकेतील निग्रो लोकांच्या दुःखगीतांतून व तेथील खेडवळ गाण्यांतून हा प्रकार जन्मास आला, आणि १९६० नंतर त्यात एक नवाच पुरुष पुढे आला: जो स्वतः पद रचतो, स्वतः चाल लावतो व स्वतःच गातो. बॉब डिलन हा त्यांतला अग्रणी. त्यास २०१६ साली वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण मराठी माणसाने या पुरुषाकडे पाहून आश्चर्य का करावे? आपला शाहीर दुसरे काय करीत होता? पद त्याचे, चाल त्याची, डफ त्याच्या हाती, आणि अखेरच्या चरणात नावही त्याचेच. म्हणूनच अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली जुने पोवाडे छापून काढले तेव्हा तुळशीदास व अज्ञानदास यांची नावे पोवाड्यांबरोबर आपल्या हाती आली.

मुंबईतल्या त्या काळच्या रॉक-मंडळ्यांची उणीव नेमकी येथे होती. कौशल्य होते, हौस तर उदंड होती. परदेशी वाद्ये दुर्मिळ, म्हणून मिळेल त्या गिटारीवर निभावून नेण्याची हिकमतही होती. एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ नावाच्या स्पर्धा भरवून त्यांना व्यासपीठ दिले व १९७० आणि १९७१ च्या स्पर्धकांच्या तबकड्याही निघाल्या. परंतु ही मंडळी गात बहुधा परक्यांची गाणी, आणि स्वतःचे रचलेच तर ते इंग्रजीत. घरी आईशी ज्या भाषेत बोलावे तीत गिटारीवर गाण्याचा धीर क्वचितच कोणास होई.

या पिढीत नंदू भेंडे यांचे चरित्र मराठी वाचकास विशेष जवळचे आहे. वडील आत्माराम भेंडे हे मराठी रंगभूमीवरील नामांकित विनोदी नट व दिग्दर्शक. आई आशा भेंडे याही अभिनेत्री, शिवाय लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक, आणि इंग्रजीतून काव्य लिहिणारे निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी. म्हणजे एकाच घरात मराठी फार्सचा हशा आणि इंग्रजी कवितेची कुजबुज. अशा घरातील मुलाने ‘व्हेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ यांसारख्या मंडळ्यांतून गावे, यात नवल ते कोणते! १९७४ साली अ‍ॅलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक-संगीतक रंगभूमीवर आणले. त्यात गुरूचा घात करणाऱ्या जूडासची भूमिका भेंडे यांनी केली व तिने त्यांचे नाव झाले. परंतु मराठी घरांत ते नाव पोहोचले नव्हते.

ते पोहोचले १९७८ साली. ब्रेख्टच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’ या १९२८ च्या जर्मन नाटकावरून, ज्याचे मूळ पुन्हा १७२८ च्या इंग्रजी ‘बेगर्स ऑपेरा’त आहे, पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीसाठी जब्बार पटेल यांनी ते बसविले. त्यात अंकुश या बदमाशाची भूमिका भेंडे यांच्याकडे आली. लावणीचा ठेका, नाट्यसंगीताची तान आणि पाश्चात्य तालाचे गाणे एकाच मंचावर शेजारी शेजारी उभे राहिले. जुन्या रसिकांपैकी काहींनी नाके मुरडली असतील. पण मुरडलेल्या नाकांनी कोणता नवा प्रकार थांबला आहे? किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ केले तेव्हा तरी सगळ्या चाली कोठे मराठी होत्या? कानडी व पारशी रंगभूमीकडून उचललेले आपण पुढे आपलेच मानले. अंकुश मराठीत गातो तेव्हा रॉकचा आघात मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांवर पडूनही भाषा मोडत नाही, हे त्या प्रयोगाने प्रत्यक्ष दाखविले. आमच्या मते भेंडे यांच्या कारकिर्दीचे शिखर जूडास नव्हे, अंकुश होय.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जूडासचे शब्द टिम राइसचे, अंकुशचे पु. लं.चे. ज्या दोन भूमिकांवर या गायकाची कीर्ती उभी आहे, त्या दोहोंतही शाहिराचे अर्धेच काम त्यांच्या वाट्यास आले. गोव्यात शिवलीचे रेमो फर्नांडिस यांनी हे दुसरे अर्धे केले: १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत घरच्या घरी मुद्रित केली, आणि त्यांनी इंग्रजीप्रमाणे कोंकणीतही स्वतःची पदे रचून गाइली. कोंकणीस हा गायक लाभला. मराठीस त्याच काळी लाभला असता, तर त्यासाठी लागणारा कंठ मुंबईत सिद्धच होता.

पुढे चित्रपटाने त्या कंठाचा उपयोग करून घेतला. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरी यांच्या चालीवर भेंडे यांनी गाइलेले गाणे आहे. त्या चित्रपटाचा प्रेक्षक नुसता हिंदुस्थानातला नव्हता. रशियातही तो प्रचंड चालला.

नंदू भेंडे यांचे निधन एप्रिल २०१४ मध्ये झाले. वृद्ध पिता आत्माराम भेंडे मुलामागे काही महिने होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेही गेले.