वर्षाला १२ हजार: थेट मदतीने शेतकऱ्याच्या घरात काय बदलते?

पीएम किसान योजनेतून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात मिळतात. महाराष्ट्रात २०२३ पासून ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी ६,००० रुपये मिळू लागले. म्हणजे सगळ्या घराला मिळून महिन्याला हजार रुपये.

एवढ्यावर शेती होत नाही. पण २,००० रुपयांत सरकारी दराने डीएपीची एक गोणी (१,३५० रुपये) आणि युरियाच्या दोन गोण्या येतात. हप्ता पेरणीच्या तोंडावर आला, तर कृषी सेवा केंद्रातली तेवढी उधारी टळते. मागे-पुढे झाला, तर तोच पैसा किराणा, औषधपाणी, मुलांच्या वह्यांत जातो. तेही वाया जाणे नव्हेच.

खरी अडचण सातबाऱ्याची. १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असलेल्यालाच पीएम किसानचा लाभ मिळतो. वारसाहक्काने आलेली जमीन तेवढी अपवाद. त्यामुळे दुसऱ्याचे रान बटाईने कसणारा राहून जातो. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर शेतात तेवढीच राबणाऱ्या बायकोच्या खात्यात काही येत नाही.

ई-केवायसी किंवा खात्याची आधार जोडणी राहिली, तरी हप्ता अडकतो. ई-केवायसी मोबाइल अ‍ॅपवर किंवा गावाजवळच्या सीएससी केंद्रात होते. आधार जोडणी बँकेत करता येते.