अलिबागची चुंबकीय वेधशाळा

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो, आणि आंग्र्यांच्या आरमाराची आठवण होते. त्याच किनाऱ्यालगत एक वेधशाळा आहे. तिची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, एवढे आपण मुलांना शिकवतो. पण ही सुई अगदी स्थिर कधीच नसते. दिवसा ती किंचित सरकते, रात्री परत येते. सूर्यावर मोठी खळबळ झाली तर एकाएकी थरथरू लागते. हा बारीक फरक अखंड टिपायचा आणि त्याचा आलेख ठेवायचा, हे या वेधशाळेचे काम.

काम सुरू झाले ते मुंबईच्या कुलाब्याला. नावांचा घोटाळा होऊ देऊ नका बरे! कुलाबा किल्ला अलिबागचा, कुलाबा वेधशाळा मुंबईची. आणि आपला रायगड जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच म्हणवला जाई. ही मुंबईची वेधशाळा १८२६ सालची. तेथे १८४१ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी चुंबकीय नोंदी सुरू केल्या. चुंबक टांगलेले असे. ठरल्या वेळी माणसाने दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पुढे १८७० नंतर छायाचित्राची रीत आली. चुंबकाला चिकटवलेल्या आरशावर दिव्याचा किरण पडे, तो परतून घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या कागदावर जाई. माणूस झोपला तरी रेघ चालूच.

मग तुम्ही म्हणाल, यंत्रच बरे. पण २ सप्टेंबर १८५९ चा प्रसंग ऐका. त्या दिवशी पृथ्वीवर फार मोठे चुंबकीय वादळ झाले. इंग्लंडात ग्रीनिचला तेव्हा छायाचित्राची यंत्रे होती. तेथली रेघ कागदाच्या बाहेरच निघून गेली. कुलाब्यात अजून डोळ्यांनीच वाचन चाले. एरवी तासातासाला वाचणारी माणसे गडबड दिसताच काही मिनिटांनी वाचू लागली. सकाळी अकराच्या सुमारास चुंबकबलाचा आडवा भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे नेहमीच्या चार टक्क्यांच्या आसपास, खाली आला. तो आकडा वहीत उतरला.

तर अशी वर्षानुवर्षांची नोंद एका ट्रामपायी धोक्यात आली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, तोवर ठीक होते. १९०० च्या सुमारास विजेच्या ट्रामचा विचार पक्का होऊ लागला. ट्रामची वीज तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. जाताना थोडी जमिनीत झिरपते. आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व आलेच! सूर्य काय सांगतो ते ऐकायला बसावे आणि ट्रामचाच खडखडाट नोंदवावा, अशी गत झाली असती. शहराने ट्राम नको म्हणावे, हे तर होणे नव्हते.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली. ती ट्रामपासून दूर हवी, पण फार दूरही नको, नाहीतर जुन्या आकड्यांशी नव्यांचे नाते कसे जोडणार? मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग नेमके बसले. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून घेतला. लोखंडाला अर्थातच मज्जाव. उष्णतेने चुंबकाचा जोर बदलतो, म्हणून आत तापमान सारखे राहील अशी व्यवस्था केली.

माझ्या मते मूस यांचे खरे शहाणपण मात्र पुढे आहे. अलिबाग १९०४ साली सुरू झाले तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत किती अंतर पडते ते त्यातून कळले, आणि जुना आलेख नव्याला जोडता आला. घरचे जुने माप मोडण्यापूर्वी नव्या मापाशी ताडून पाहावे, तसेच हे. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर काम निभावले होते.

मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे दोन खंड १९१० साली छापले. वेधशाळा आता १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. कागदावरच्या रेघेची जागा अंकीय यंत्रांनी घेतली आहे. आणि २००३ साली त्सुरुतानी, लाखिना आदी शास्त्रज्ञांनी १८५९ चे वादळ केवढे होते याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी आधाराला घेतला तो कुलाब्याच्या त्या वहीतलाच आकडा.