दारू, तांदळाचा कोंडा आणि नेल्लोरचा विल्यम्स

दारू चढते आणि उतरते, हे आपण सगळे जाणतो. पण रोज पिणाऱ्याच्या पायांना मुंग्या का येतात, न पिताही तोल का जातो, कालचं का आठवत नाही? ही गोष्ट जर्मनीत सुरू होते आणि आपल्या न्यू जर्सीच्या आसपास येऊन पोचते, म्हणून मुद्दाम सांगतो.

१८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकीकत लिहिली. डोळे नीट फिरत नाहीत, झोकांड्या जातात, भान नाही. तिघेही दगावले. दोघे पट्टीचे पिणारे होते. तिसरी मात्र शिवणकाम करणारी तरुण मुलगी! तिच्या पोटात गंधकाम्ल गेलं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. मग तिघांत समान काय? वेर्निकेंना ते उमगलं नाही.

पुढे १८८७ पासून मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव्ह यांनी हातापायांच्या नसा दुबळ्या झालेले आणि स्मरण गेलेले रुग्ण अभ्यासले. असा माणूस गप्पा छान मारतो, पण आत्ताच जेवलो की नाही हे त्याला सांगता येत नाही. आठवणीतल्या रिकाम्या जागा तो मनानेच भरतो. घरच्यांना वाटतं, थापा मारतोय. तो बिचारा थापा मारत नसतो.

कोडं सुटलं ते दारूच्या पिंपात नव्हे, तांदळाच्या कोंड्यात. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांना दिसलं, की पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सुधारतात. (आपल्या कोकणातला उकडा तांदूळ आठवा. उकडताना कोंड्यातलं सत्त्व दाण्यात मुरतं.)

हे सत्त्व प्रयोगशाळेत तयार केलं रॉबर्ट विल्यम्स यांनी. जन्म १८८६, गाव आपल्या भारतातलं नेल्लोर! आईवडील मिशनरी. मनिलात नोकरी करताना त्यांनी बेरीबेरीने मरणारी तान्ही मुलं पाहिली आणि तो ध्यास सुटला नाही. पुढे पोटापाण्यासाठी बेल लॅबमध्ये टेलिफोनच्या कामाचं रसायनशास्त्र, आणि फावल्या वेळात हा शोध. १९३६ साली, न्यू जर्सीच्या मर्क कंपनीच्या साथीने, यश आलं. तेच थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व.

आता वेर्निकेंचं कोडं उलगडतं. त्या मुलीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं आणि पिणाऱ्यांचं जेवण सुटलं होतं. शिवाय दारूमुळे आतड्यात बी-१ नीट शोषलं जात नाही. शरीरातला साठा जेमतेम काही आठवड्यांचा. दारू स्वतंत्रपणेही नसांना इजा करते, ते वेगळंच.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच. या आजाराची लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात. "झोपू दे, सकाळी उतरेल," म्हणून आपण पांघरूण घालतो. वेळेवर बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर माणूस सावरू शकतो. उशीर झाला तर गेलेली स्मृती बहुधा पुरती परत येत नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी विचारलं की बायको हळूच म्हणते, "सोशली घेतात." पायाच्या मुंग्या डायबेटिसच्या खात्यावर टाकल्या जातात. मंडळी, अब्रू झाकायची ती चारचौघांत. डॉक्टरांना मात्र किती आणि किती वर्षं, ते खरं सांगा, आणि गेले काही आठवडे माणूस नीट जेवतोय का, तेही.