दोन बांध्यांच्या मध्ये

साकोली तालुक्यात धानाची रोवणी चालू आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी या बांधीतून त्या बांधीत उतरतंय. तू दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर बसलायस, मांडीवर लॅपटॉप. डायोडच्या आत काय चालतं ते दाखवणारा प्रोग्रॅम तू स्वतः लिहिलास, आणि तो सांगतोय की एका ठिकाणी इलेक्ट्रॉन शून्याहून कमी आहेत. उणे इलेक्ट्रॉन! तू डोळे मिटतोस.

उघडतोस तो १९६८ च्या अखेरीस, न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये. चिखलाचा वास गेला. हातात पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा आहे. जपून धर, कार्डांचा क्रम चुकला तर सगळं पहिल्यापासून. टेबलावर एका लेखाची टंकलेली पानं आहेत, जानेवारी १९६९ मध्ये छापून येणाऱ्या. वर दोन नावं: डोनाल्ड शारफेटर आणि हर्मन गुमेल. विषय मायक्रोवेव्ह निर्माण करणारा सिलिकॉनचा रीड डायोड.

तू घाईघाईनं पानं उलटतोस. डायोडचे छोटे छोटे तुकडे पाडलेत, अगदी बांध्यांसारखे. एकीतून जितकं गेलं तितकं शेजारणीत आलं पाहिजे. तूही तेच केलं होतंस. मग चुकलं कुठे?

मधल्या धुऱ्यावर. तू दोन्ही बांध्यांची सरासरी धरलीस. उतार सौम्य असेल तर ते चालतं. पण शेजारच्या दोन बिंदूंमधला विद्युतदाबाचा फरक साधारण ५२ मिलिव्होल्टपलीकडे गेला, की वरची बांधी कोरडी असली तरी खालचं पाणी मोजून तुझा हिशेब तिच्यातूनच पाणी काढतो. उणे आकडा तिथला.

या दोघांनी मधली रेघ अंदाजानं ओढलीच नाही. दोन बिंदूंमध्ये प्रवाह आणि विद्युतक्षेत्र स्थिर धरून त्यांनी समीकरणच नेमकं सोडवलं. त्यातून एक घातांकी सूत्र निघालं. उतार नसेल तर ते दोन्हीकडची गर्दी तोलतं. उतार तीव्र असेल तर वरच्या बांधीत किती आहे एवढंच विचारतं. इतकं सुंदर काही तू अभ्यासक्रमात वाचलं नव्हतंस. आजची महागडी सॉफ्टवेअरसुद्धा चिप घडण्याआधी तिच्या आतला प्रवाह याच सूत्राच्या आधारानं मोजतात.

"बाबू, खालच्या बांधीत पानी आला का?"

तू डोळे उघडतोस. वरची बांधी भरलीय, धुऱ्यातल्या वाटेनं पाणी खळाळतंय. "येऊन रायला, बाबा," म्हणत तू प्रोग्रॅममधली सरासरीची ओळ खोडतोस.